मुक्त संगणकाचे तीन डेस्कटॉप

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें 'विंडोज १०' या आपल्या संगणकप्रणालीची नित्याची देखभाल थांबविली. ज्यांस हवी त्यांस आणखी एक वर्षाची सवलत मिळण्याची तजवीज होती. पण सवलत ती सवलतच. तिच्या जागीं आलेली 'विंडोज ११' ही प्रणाली, यंत्रांत एक विशिष्ट सुरक्षा-चिप आणि साधारणतः २०१७-१८ च्या पुढचा प्रोसेसर असल्यावांचून, रीतसर बसत नाहीं. म्हणजे ज्याचा पडदा, कळफलक, तबकडी सर्व धडधाकट आहे, असा संगणकही केवळ वयामुळें बाद ठरला. मोठ्या शहरांतील मोठ्या पगाराच्या गृहस्थास याचें कांहींच वाटणार नाहीं. तो नवें यंत्र घेईल. परंतु बोईसरला लागून असलेल्या आमच्या सरावलीसारख्या वस्तींत, जेथें तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत पाळीवर जाणारीं, शाळांत शिकविणारीं आणि कचेऱ्यांतून कारकुनी करणारीं माणसें दोन-दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत राहतात, तेथें घरांतला एकुलता एक संगणक बहुधा कोठल्या तरी कचेरींतून निवृत्त होऊनच आलेला असतो. आणि बारावींतल्या मुलीचा अभ्यास, वडिलांचीं अर्जपत्रें व आजोबांचें कीर्तनश्रवण हा सर्व भार तो एकटा वाहतो. त्याचें आतां काय करावें, हा प्रश्न आम्हांस गेल्या कांहीं महिन्यांत इतक्या जणांनीं विचारला कीं, त्याचें उत्तर एकदां सविस्तर लिहून काढणें बरें असें वाटलें.

त्या यंत्रावर लिनक्स बसवावी, एवढें उत्तर कोणीही देईल. लिनक्स फुकट मिळते हें सर्वांस ठाऊक आहे; ती दिसते कशी आणि वागते कशी, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. कारण लिनक्स हें पोटांतल्या यंत्रणेचें नांव. आपल्या डोळ्यांपुढें ज्या विंडो उघडतात, खालीं किंवा वर जी पट्टी असते, ज्या मेनूंतून आपण कामें निवडतों, त्या सगळ्या दर्शनी व्यवस्थेस डेस्कटॉप म्हणतात, आणि तो लिनक्सवर एकच नसून अनेक आहेत. पाया एक, दर्शनी वाडा मात्र ज्याच्या त्याच्या पसंतीचा, असा हा मामला आहे. डेस्कटॉप या शब्दास एखादा संस्कृतोद्भव पर्याय घडविण्याचा मोह आम्हीं आवरला आहे. कां, तें पुढें येईल.

अशा विषयास वाङ्मयाच्या मासिकांत जागा कशाला, असें कोणी म्हणेल. आमच्या मतें याच मासिकांत ती हवी. हे डेस्कटॉप म्हणजे कृति आहेत. त्यांस कर्ते आहेत, संप्रदाय आहेत, मतमतांतरें आहेत. आणि त्यांवर आजवर मराठींत जें लिहिलें गेलें तें बहुतेक कोणतें बटन कोठें दाबावें एवढ्याच बेताचें. बरेंवाईट ठरविण्याचें काम टीकाकाराचें, आणि तें करावयास तो येथें फिरकलेलाच नाहीं.

तुलना करण्यापूर्वीं दोन शब्दांचा अर्थ निश्चित केला पाहिजे. सोय आणि सौष्ठव. सोय म्हणजे काम होणें. सौष्ठव म्हणजे काम होत असतां साधनाची आठवण न होणें. जावजी दादाजींनीं १८६९ सालीं मुंबईस निर्णयसागर छापखाना काढला, त्यापूर्वींही देवनागरी पुस्तकें छापलीं जात होतीं आणि लोक तीं वाचीतही होते. म्हणजे सोय होती. तरीही निर्णयसागराचें नांव झालें, तें अक्षरांच्या वळणांत, मात्रावेलांट्यांच्या बसणींत आणि ओळीओळींतील अंतरांत राखलेल्या निगेमुळें. त्या छापखान्याचें पुस्तक वाचतांना वाचकाचें लक्ष खिळ्यांकडे जात नसे, अर्थाकडे जाई. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगांत सोयीस तोटा कधींच नव्हता. तेथें उणें पडत आलें तें सौष्ठव. कारण नवें कांहीं रचण्यास उत्साही मनुष्य फुकट मिळतो, पण रचलेल्याच्या कडा घासून गुळगुळीत करणारा मनुष्य फुकट मिळणें कठीण.

आतां थोडा इतिहास. १९९६ च्या ऑक्टोबरांत जर्मनींतील ट्यूबिंगेन विद्यापीठाचा एक विद्यार्थी, माथियास एट्रिश, यानें जाहीर हांक दिली कीं, लिनक्सवर प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या चालीनें चालतें, सामान्य माणसास त्यांत वाट सांपडत नाहीं, यासाठीं एकसारखा दिसणारा व एकसारखा वागणारा डेस्कटॉप निर्माण झाला पाहिजे. त्या हांकेंतून 'केडीई' जन्मास आला; १९९८ च्या जुलैंत त्याची पहिली आवृत्ति निघाली. परंतु तो ज्या 'क्यूटी' नामक साहित्यावर रचला होता तें एका नॉर्वेजियन कंपनीचें होतें, आणि त्याचा परवाना त्या वेळीं पुरता मुक्त नव्हता. तत्त्वनिष्ठांस हें खपलें नाहीं. १९९७ च्या ऑगस्टांत मेक्सिकोच्या मिगेल दि इकाझा व फेदेरिको मेना या दोघांनीं निराळी चूल मांडली; तीच 'ग्नोम'. पुढें २००० सालीं क्यूटीही मुक्त परवान्याखालीं आली व भांडणाचें मूळच नाहींसें झालें. पण दोन घरें झालीं तीं झालींच. भाऊबंदकीचा हा प्रकार मराठी वाचकांस अधिक फोड करून सांगण्याची गरज नाहीं. त्याचें फळ असें कीं, आजही एका घरचें सॉफ्टवेअर दुसऱ्या घरीं उघडलें म्हणजे त्याचीं बटनें, मेनू आणि अक्षरें किंचित् परकीं दिसतात. एका पंगतींत दोन आचाऱ्यांनीं वाढलेल्या दोन आमट्या असाव्या तसें.

ग्नोमपासून आरंभ करूं, कारण सौष्ठवाचा सर्वांत मोठा दावा त्याचा आहे, आणि तो पोकळ नाहीं. २००१ सालीं सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनें साध्या वापरणाऱ्यांस ग्नोमपुढें बसवून तीं कोठें अडतात याची पाहणी केली; पुढच्याच वर्षीं ग्नोमच्या मंडळीनें रचनेचे नियम लेखनिविष्ट केले. त्याच सालीं त्यांच्यांतील हॅवॉक पेनिंग्टन यानें एक निबंध लिहून असें प्रतिपादिलें कीं, वापरणाऱ्याच्या हातीं दिलेल्या प्रत्येक पर्यायाची किंमत असते. पर्याय वाढले म्हणजे दोष वाढतात, गोंधळ वाढतो, आणि रचनाकार स्वतः निर्णय घेण्याची जबाबदारी टाळतो. हा विचार आम्हांस मार्मिक वाटतो. लेखकानें चार शब्दांतून एक निवडावयाचा असतो. चारही कंसांत देऊन वाचकास 'निवडा' म्हणावयाचें नसतें.

परंतु कोणताही सिद्धांत संप्रदाय बनला म्हणजे काय होतें, तें २०११ च्या एप्रिलांत निघालेल्या ग्नोमच्या तिसऱ्या आवृत्तींत दिसलें. खालची पट्टी गेली. विंडो खालीं सारून ठेवण्याचें बटन गेलें. उरलें तें फक्त बंद करण्याचें. पडद्यावर फाइल ठेवण्याची जागा गेली. एक कळ दाबली म्हणजे सर्व विंडो लहान होऊन समोर मांडल्या जातात, आणि तेथून हवी ती उचलावयाची, हीच एक चाल उरली. ही चाल एकदां हातीं बसली म्हणजे फार सुबक आहे, हें आम्ही मनापासून मान्य करतों. पडद्यावर कामाखेरीज कांहीं उरत नाहीं. चित्रें, सावल्या, अक्षरांचीं मापें यांचा मेळ असा बसला आहे कीं, लिनक्सवर त्याला तोड नाहीं. पण पंचवीस वर्षें खालच्या पट्टीकडे पाहण्याची ज्याच्या डोळ्यांस संवय, तो गृहस्थ येथें येतो आणि त्यास रिकामी भिंत दिसते. सोंवळ्याच्या घरीं पाहुण्यानें कोठें बसावें हेंच कळूं नये, तशी त्याची गत होते. उबुंटूवाल्यांनीं २०१७ सालीं ग्नोमचा स्वीकार केला, तेव्हां कडेला एक पट्टी स्वतःच्या पदरची जोडली व खालीं सारण्याचें बटनही परत आणलें. ग्नोमवर याहून बोलकी टीका दुसरी नाहीं. आणि ज्यांस अशा जोडण्या स्वतः करावयाच्या असतात, त्यांच्या जोडण्या दर सहा महिन्यांनीं नवी आवृत्ति आली कीं मोडतात, हाही अनुभव सार्वत्रिक आहे.

केडीईचा स्वभाव याच्या अगदीं उलट. तेथें यजमान विचारतो, पाट हवा कीं खुर्ची, पान डावीकडे कीं उजवीकडे, पाणी गार कीं कोमट. आणि आपण दमून 'कांहींही चालेल' म्हणेपर्यंत विचारीत राहतो. पट्टी वर घ्या, खालीं घ्या, दोन करा. विंडोच्या कडा, रंग, कळा, घड्याळाचें रूप, सर्व बदला. या औदार्यास पूर्वीं गबाळेपणाचें गालबोट होतें. २००८ च्या जानेवारींत चौथी आवृत्ति निघाली ती इतकी अर्धी-कच्ची होती कीं, खुद्द लिनक्सचा कर्ता लिनस टॉरवाल्ड्झ केडीई सोडून ग्नोमकडे गेला. पुढें २०११ त ग्नोमची तिसरी आवृत्ति पाहून तो तेथूनही उठला व एक्सएफसीईकडे गेला. आणि कालांतरानें पुन्हां ग्नोमकडे आला. ज्यानें पाया घातला त्यालाच राहण्याजोगा दर्शनी भाग मिळेना, हें या शास्त्रांतील सौष्ठवाच्या दुष्काळाचें उत्तम प्रमाण आहे.

तथापि केडीईवर जुन्या कीर्तीवरून निकाल देणें आतां अन्यायाचें होईल. २०२२ च्या जानेवारींत त्या मंडळींतील नेट ग्रॅहम यानें एक उपक्रम आरंभिला, त्याचें आम्हांस विशेष कौतुक वाटतें. नव्या माणसाच्या नजरेस पहिल्या पंधरा मिनिटांत पडतील असे दोष तेवढे वेचून काढावयाचे, त्यांची जाहीर यादी ठेवावयाची, आणि ते आधीं दुरुस्त करावयाचे. मोठमोठीं नवीं अंगें जोडण्याचा हव्यास सोडून कडा घासण्याचें हें काम त्यांनीं चिकाटीनें चालविलें. २०२४ च्या फेब्रुवारींत निघालेली 'प्लाझ्मा ६' ही आवृत्ति हातीं घेतली म्हणजे त्या घासण्याचा गुण हातास लागतो. एकदां टिचकी मारतांच फाइल उघडण्याची केडीईची जुनी लकब होती. विंडोजमधून आलेली माणसें तिनें दचकत. या आवृत्तींत तीही सोडून दोनदां टिचकीची सर्वमान्य रीत मूळपदीं ठेवली आहे. आपली वर्षानुवर्षांची लकब दुसऱ्याच्या सोयीसाठीं सोडणें हें कलावंतास जड जातें. येथें तें झालें.

केडीईचें आणखी एक ऋण फारसें कोणास ठाऊक नाहीं. त्याच्या मंडळींनीं आपल्या ब्राउझरसाठीं 'केएचटीएमएल' नांवाचें यंत्र रचलें होतें. ॲपल कंपनीनें तें घेऊन त्यावरून 'वेबकिट' घडविलें व २००३ त सफारी ब्राउझर आणला. २०१३ त गूगलनें त्याच वेबकिटापासून क्रोमचें आजचें यंत्र वेगळें काढलें. म्हणजे ज्यांनीं केडीईचें नांवही ऐकलें नाहीं अशा आमच्या गल्लींतील घरोघरच्या फोनांत त्याची एक शाखा नांदते आहे.

दोष सांगावयाचा तर रानाचा. प्लाझ्माच्या सेटिंगांत शिरलेला मनुष्य हवी ती गोष्ट शोधून काढीलच अशी खात्री नाहीं. रोमन अक्षरांवरून मराठी टंकण्यासाठीं फ्सिटएक्स किंवा आयबस यांसारखें जें साहित्य लागतें, तें नव्या प्लाझ्मांत चालू करण्याची जागा 'पडद्यावरील कळफलक' या सदरांत आहे. ज्याच्यापुढें खराखुरा कळफलक आहे, त्यानें तेथें कां डोकवावें? यास सोय म्हणावें तर ती लपविलेली सोय आहे.

तिसरा एक्सएफसीई. हाही १९९६ चाच, फ्रेंच गृहस्थ ऑलिव्हिए फूर्दां याचा. याची प्रगति बैलगाडीची. ४.१२ ही आवृत्ति २०१५ सालची, तर पुढची ४.१४ निघावयास २०१९ उजाडलें; ४.२० ही २०२४ च्या डिसेंबरांतली. एवढ्या काळांत ग्नोमनें दोनदां कात टाकली. एक्सएफसीईचा मेनू मात्र जेथें होता तेथेंच आहे. रूप साधें, कांहींसें जुनाट. चित्रांत ग्नोमची नजाकत नाहीं, आणि विंडोची कड माउसनें धरून ओढावयाची तर ती इतकी बारीक कीं सुईंत दोरा ओंवावा तसें होतें. वर्षानुवर्षें लोक हें गाऱ्हाणें करीत आले आहेत.

आणि तरीही, या गांवच्या दृष्टीनें पाहिलें असतां, एक्सएफसीईचा एक गुण आम्हांस वरच्या दोघांच्या सर्व गुणांहून मोलाचा वाटतो. तारापूरच्या रासायनिक कारखान्यांत यंत्रापुढें उभा राहणारा मनुष्य नियंत्रणफलकाची परीक्षा कशी करतो? तो सुंदर आहे कीं नाहीं हें तो पाहत नाहीं. रात्रपाळीच्या तिसऱ्या प्रहरीं, डोळे मिटत असतांना, हात नेला तर कळ तेथेंच असली पाहिजे जेथें ती दिवसपाळीस होती. आणि गेल्या वर्षीं होती. कळ हलविणाऱ्यास तो कलावंत म्हणणार नाहीं, दुसरें कांहींतरी म्हणेल. ग्नोमनें २०२१ सालीं आपल्या कामाच्या पटांची उभी रांग मोडून आडवी केली. रचनेच्या दृष्टीनें तें कदाचित् बरोबरही असेल. पण ज्यांच्या हातांना उभ्याची संवय झाली होती त्यांनीं ती पुन्हां कां मोडावी, याचें उत्तर रचनाकारांपाशीं नाहीं. सातत्य हेंही सौष्ठवाचें एक अंग आहे, आणि तें न केलेल्या बदलांत राहत असल्यामुळें कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं.

सिनॅमन आणि माटे हे आणखी दोन डेस्कटॉप २०११ च्या त्याच असंतोषांतून निघाले. पहिला लिनक्स मिंटवाल्यांचा, दुसरा जुन्या ग्नोमचेंच आयुष्य वाढविणारा. दोन्ही वापरण्याजोगे आहेत, विंडोजमधून येणाऱ्यास सिनॅमन तर फार लवकर मानवतो. परंतु त्यांत नवा विचार नाहीं, म्हणून येथें नुसता उल्लेख करून थांबतों.

चार जीबी रॅमच्या व फिरत्या तबकडीच्या एका जुन्या लॅपटॉपावर आम्हीं हे तिन्ही डेस्कटॉप एकेक महिना वापरून पाहिले. ग्नोम एकटा असतांना डौलांत चालतो. पण ब्राउझरांत चारपांच पानें उघडलीं कीं यंत्र धापा टाकूं लागतें. प्लाझ्मा जड अशी त्याची जुनी ख्याति. तशी ती आतां राहिलेली नाहीं, तो ग्नोमहून हलकाच वाटला. एक्सएफसीईवर तें यंत्र दहा वर्षांनीं तरुण झालें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

येथवरची तुलना जगांत कोठेंही करतां आली असती. ज्या कसोटीवर आम्हांस यांस घासून पाहावयाचें आहे ती निराळी: मराठी माणसाच्या घरांत मराठी होऊन हा डेस्कटॉप कसा वागतो? सौष्ठवाची गोष्ट बोलणाऱ्या इंग्रजी परीक्षणांतून हा प्रश्न येणें शक्यच नाहीं, आणि आमच्यापैकीं जे संगणक जाणतात ते इंग्रजी पडद्यास इतके सरावले आहेत कीं, त्यांसही तो सुचत नाहीं.

अक्षरापासून पाहूं. मराठी 'ल' आणि 'श' यांचें वळण हिंदीहून निराळें आहे. महाराष्ट्र शासनानेंही ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानें लिपीचें प्रमाण ठरवितांना मराठी वळणच धरलें. नव्या टंकांपैकीं कांहींत हीं दोन्ही वळणें पोटांत असतात. कोणतें दाखवावयाचें, हें 'मजकूर मराठी आहे' असें सॉफ्टवेअरनें टंकास सांगितलें कीं नाहीं यावर ठरतें. डेस्कटॉपाची भाषा मराठी ठेवली तर हें सांगणें आपोआप होऊं शकतें. इंग्रजी ठेवून मराठी लिहूं लागलांत तर बहुधा हिंदी वळणाचा 'ल' पुढें येतो, आणि मुलगी विचारते, शाळेंत शिकविला तो कोणता? शिवाय देवनागरीस वर रफार-मात्रा व खालीं उकार यांसाठीं उंची अधिक लागते. रोमन अक्षरांच्या बेतानें आंखलेल्या अरुंद पट्ट्यांत मराठी शब्द बसविला कीं तो चेपल्यासारखा होतो. ग्नोमच्या पट्ट्या मुळांतच ऐसपैस, म्हणून तेथें मराठी सुखानें बसते. एक्सएफसीईच्या पट्ट्यांत ती अवघडून बसते. ग्नोमवर ज्या ऐसपैसपणाबद्दल इंग्रजी टीकाकार जागा वाया घालविल्याचा आरोप करतात, तोच आमच्या लिपीच्या पथ्यावर पडला आहे.

टंकण्याच्या सोयींतही ग्नोम पुढें आहे. कळफलकाच्या सेटिंगांत मराठी जोडली, एक जोडकळ दाबली, कीं लिहावयास लागावें. सरकारनें प्रमाण ठरविलेला इनस्क्रिप्ट कळफलक तिघांतही मिळतो. रोमन अक्षरांवरून लिहिणाऱ्यासाठीं मात्र केडीईत वर सांगितलेली शोधाशोध आणि एक्सएफसीईत स्वतः साहित्य बसविण्याची खटपट करावी लागते.

आणि शब्द. येथें आमचा जीव खरा गुंतला आहे. मराठी पडद्याच्या मागें बरीच निःस्वार्थ मेहनत आहे, हें आधीं सांगितलें पाहिजे. २००० च्या सुमारास मुंबईंत 'इंडलिनक्स' नांवाचा उपक्रम सुरू झाला, लिनक्स भारतीय भाषांत आणण्यासाठीं. रेड हॅट कंपनीच्या पुण्याच्या कचेरींतून 'लोहित' टंक आणि मराठी भाषांतर यांवर पुष्कळ काम झालें. सी-डॅकनें २००७ त 'बॉस' ही सरकारी लिनक्स काढली. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमांत लिनक्सचे पाठ मराठी आवाजांत ऐकावयास मिळतात. या मंडळीस कमी लेखण्याचा आमचा हेतु नाहीं.

परंतु पडदा पाहावा तर काय दिसतें? मेनूंतील चार शब्द मराठी, पांचवा इंग्रजी, सहावा पुन्हां मराठी. डेस्कटॉपाच्या नव्या आवृत्त्या एकामागून एक येतात, प्रत्येकींत नवीं वाक्यें असतात, आणि तीं मराठींत आणणारे हात थोडे. म्हणून भाषांतर मागें पडत जातें. कमीअधिक प्रमाणांत तिन्ही घरीं हीच कथा. अर्धवट मराठी पडदा हा पूर्ण इंग्रजी पडद्याहून वाईट, असें आमचें स्पष्ट मत आहे. कारण त्यांत वाचकास दर ओळीस भाषा बदलावी लागते.

जें मराठींत आलें आहे त्याचें मराठीपण तरी पाहूं. 'कचरापेटी' हा शब्द उत्तम. घरांतला, अर्थ सांगावा लागत नाहीं. 'रद्द करा' ठीक. परंतु सेटिंग्जला 'संयोजना', आणि फोल्डरला 'संचयीका'! सरावलींतील कोणत्याही घरीं जाऊन 'संचयीका उघडा' म्हणून पाहावें. फोल्डर हा शब्द आज आठवीच्या मुलाच्या तोंडीं आहे. त्यास हुसकून जो शब्द आणावयाचा तो निदान त्याच्याइतका सुटसुटीत नको काय? सावरकरांनीं भाषाशुद्धीच्या चळवळींत जे शब्द घडविले त्यांपैकीं महापौर, दिग्दर्शक यांसारखे टिकले, कारण ते तोंडांत बसले. न बसले ते कोशांत राहिले. डेस्कटॉपास पर्याय घडविण्याचा मोह आम्हीं आवरला तो यासाठींच. आणि संस्कृत शब्द आणावयाचाच, तर शुद्ध आणावा. 'संचयिका' मध्यें 'यि' ऱ्हस्व. 'संयोजित' मध्यें 'जि' ऱ्हस्व. पडद्यावर मात्र 'संचयीका' आणि 'संयोजीत करा' असे दीर्घ छापलेले आमच्या पाहण्यांत आले. निर्णयसागराच्या पुस्तकांत असा एक दीर्घ निसटला असता तर शुद्धिपत्रांत गेला असता. येथें तोच शब्द दिवसांतून वीस वेळां मुलांच्या डोळ्यांपुढें येतो आणि तेंच शुद्ध म्हणून मनांत बसतो.

मग निवड कोणती करावी? आठ जीबी किंवा अधिक रॅम असेल, घरांत मराठी लिहिणारें माणूस असेल आणि विंडोजची जुनी संवय फार घट्ट नसेल, तर ग्नोम. सौष्ठवांत पहिला मान त्याचाच, हट्टीपणा जमेस धरूनही. विंडोजवर वाढलेल्या घरास, जेथें प्रत्येकाची आवड निराळी, तेथें प्लाझ्मा. सोयीचा मान त्याचा, आणि आणखी दोनचार वर्षें त्यांनीं कडा अशाच घासल्या तर सौष्ठवाचाही ते ग्नोमकडून हिसकावून घेतील असा आमचा तर्क आहे. पण लेखाच्या आरंभीं ज्या चार जीबींच्या निवृत्त यंत्राची गोष्ट काढली, त्यावर एक्सएफसीईच बसवावा. अक्षरांचें माप एक पायरी वाढवावें, टंक मराठी वळणाचा निवडावा, आणि आयबस एकदां कोणाकडून बसवून घ्यावें. हें अर्ध्या दिवसाचें काम आहे. केरळांत सरकारी शाळांतून मुक्त सॉफ्टवेअर दीर्घकाळ चालत आलें आहे, आणि तेथें मल्याळम पडद्याची काळजी घेणारी मंडळीही उभी राहिली. आमच्याकडे अर्ध्या दिवसाचें काम करून देणाराही शोधावा लागतो.

२०२४ च्या फेब्रुवारींत केडीईचें भारतीय संमेलन पुण्यास, अभियांत्रिकीच्या जुन्या कॉलेजांत, भरलें होतें. म्हणजे हीं माणसें आतां हांकेच्या अंतरावर येऊन गेलीं आहेत. ग्नोम काय, केडीई काय, दोघांच्याही भाषांतराच्या याद्या उघड्या ठेवलेल्या असतात आणि दुरुस्ती कोणासही सुचवितां येते. दीर्घ 'यी' चा ऱ्हस्व 'यि' करण्यास प्रोग्राम लिहितां यावा लागत नाहीं. आमच्या वर्गांतील दोघी विद्यार्थिनींनीं दिवाळीच्या सुटींत एक्सएफसीईच्या मेनूंतील सर्व मराठी शब्द वहींत उतरून घेतले. त्यांत चुकीचे, अडाणी व बरे असे तीन रकाने त्यांनीं स्वतःच पाडले आहेत. बऱ्यांचा रकाना सर्वांत मोठा निघाला, हें त्यांनीं कांहींशा आश्चर्यानें सांगितलें. 'विंडो' या शब्दास 'खिडकी' म्हणावें कीं विंडोच राहूं द्यावी, यावर मात्र दोघींचें अजून एकमत झालेलें नाहीं, आणि वहीचें तें पान कोरें आहे.